जिन्यातले देव आणि ट्रोलधाड

वाशीच्या सेक्टर सतरामधल्या एका जुन्या व्यापारी संकुलात, तिसऱ्या मजल्यावर माझ्या सीएचं ऑफिस आहे. लिफ्ट बंद असणं हा तिथला नियम असल्यामुळे जिना मला पाठ आहे. पूर्वी प्रत्येक वळणावर 'येथे थुंकू नये' अशी लाल अक्षरांतली पाटी असे आणि ती पाटीच निम्मी पिचकाऱ्यांनी झाकलेली असे. मग पाटीवर दंडाचा आकडा आला, पुढे तो वाढला. भिंत होती तशीच. शेवटी कुणीतरी कोपऱ्याकोपऱ्यात टाइल्स बसवल्या. साईबाबा, गणपती, मक्का, क्रूस, सगळे एका ओळीत, गुडघ्याच्या उंचीवर. जिना स्वच्छ झाला. गुटखा खाणारी माणसं तीच, तोंडातला ऐवजही तोच.

देवांना असं पहाऱ्याला बसवणं मला रुचत नाही. पण पाटीला आणि दंडाला जे जमलं नाही ते त्या टाइल्सना आठवड्याभरात जमलं, हे कबूल करावंच लागतं. कुणाचा स्वभाव बदलला नव्हता, कोपरा बदलला होता.

गेल्या मे महिन्यात तो जिना मला फार आठवला. नेरूळला आमच्या सोसायटीत शेजारच्या विंगमध्ये एक ताई राहतात, निवृत्त शिक्षिका. जवळच्या पाणथळीत उतरणाऱ्या फ्लेमिंगोंचा एक फोटो त्यांनी एका मोठ्या समाजमाध्यमावर टाकला आणि खाली चार ओळी लिहिल्या: पाणी आटलंय, खाडीचं पाणी आत यायची वाट मोकळी आहे का हे कुणी बघेल का. एरवी त्यांच्या पोस्टला नातेवाईक आणि जुने विद्यार्थी धरून वीसेक लाइक. ही पोस्ट कुणीतरी भलतीकडे नेऊन टाकली आणि दोन दिवसांत साडेतीनशे कमेंटी आल्या. शिवी असलेल्या फार तर दहा. बाकीच्या अशा: 'ताई, स्वयंपाक झाला का?' 'किती मिळाले?' 'पक्षी घरी नेऊन पाळा.' 'थोर आहात, पुतळा उभारू.' तिसऱ्या दिवशी नातवाच्या वाढदिवसाचा फोटो त्यांच्या प्रोफाइलवरून उचलून त्यावर मजकूर चिकटवून फिरवला गेला. त्यांनी पोस्ट काढली, मग खातंच बंद केलं.

सोसायटीच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. दुर्लक्ष करा. पोलिसांत द्या, १९३० ला फोन करा (तो क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, पण असो). आणि सर्वांत जास्त अंगठे मिळाले ते 'प्रत्येक खात्याला आधार जोडा, मग बघा कसे सुतासारखे सरळ येतात' या सल्ल्याला. तिन्ही सल्ले माणसाकडे बघत होते. जिन्याकडे कुणीच बघत नव्हतं. ट्रोलधाड वाढते ती मुख्यतः मंचाच्या मांडणीमुळे, आणि जाब विचारायचा तर आधी ती मांडणी करणाऱ्यांना विचारला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

आधी शब्दाचं बघू. नावेमागे आमिष लावलेली दोरी पाण्यात ओढत न्यायची, या मासेमारीच्या पद्धतीला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात, आणि नव्वदच्या दशकात इंटरनेटवर हा शब्द आला तो तिथूनच, असं मानतात. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. मराठी वर्तमानपत्रांनी त्याला 'जल्पक' हा चांगला शब्द दिला. पण आपलं जुनं न्यायशास्त्र, म्हणजे तर्कशास्त्र, चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगतं. सत्य शोधायला करतात तो वाद. कसंही करून जिंकायला करतात तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याचं मोडायचं ती वितंडा. जल्पकाला निदान स्वतःची बाजू असते. 'स्वयंपाक झाला का' विचारणाऱ्याला फ्लेमिंगोंविषयी कोणती बाजू होती? शब्द बदलायला आता उशीर झाला, म्हणून मीही ट्रोलच म्हणतो.

गळाचं रूपक धरलं तर 'दुर्लक्ष करा' हा सल्ला माशाला दिलेला आहे. तो एका गळाच्या काळात ठीक होता. आज साडेतीनशे गळ एकाच वेळी पडतात, आणि दोरीला बसणाऱ्या प्रत्येक हिसक्यामागे नावेच्या मालकाचा धंदा वाढतो.

हे गळ टाकणारे कोण? सवयीचे विकृत असतातच. पण २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी ६६७ जणांवर केलेला एक प्रयोग मला विसरता येत नाही. काहींना आधी सोपी कोडी दिली, काहींना डोकं फिरेल अशी अवघड. मग सगळ्यांना एकच लेख देऊन मत लिहायला सांगितलं. काहींना वरती सभ्य प्रतिक्रिया दिसत होत्या, काहींना खवचट. डोकं शांत आणि वरच्या प्रतिक्रिया सभ्य असताना ट्रोलिंगचं प्रमाण ३५ टक्के निघालं. वैताग आणि खवचटपणा एकत्र आले तेव्हा ते ६८ टक्क्यांवर गेलं. साधी, तुमच्याआमच्यासारखी माणसं होती ती.

तुमच्याआमच्यासारखी म्हणजे काय ते सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी ठाणे-वाशी गाडी ऐरोलीच्या अलीकडे अर्धा तास उभी होती आणि मीही उभाच होतो. हातात मोबाइल. एकाने गडकरी रंगायतनला पाहिलेल्या नाटकावर भाबडं कौतुक लिहिलं होतं. खाली आधीच टवाळी सुरू होती. मी त्यात एका ओळीची भर घातली, ती ओळ इथे लिहिण्याजोगी नाही. घरी येऊन चहा झाल्यावर वाचली आणि पुसली. तोवर तिला एक्केचाळीस लाइक पडले होते. माझ्या बऱ्या म्हणाव्यात अशा लेखांनाही तेवढे पडत नाहीत. त्या एक्केचाळीसांनी मला काय शिकवायचा प्रयत्न केला, याचा विचार मी नंतर बरेच दिवस करत होतो.

आधारच्या सल्ल्याची परीक्षा दुसऱ्या देशात होऊन गेली आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर प्रतिक्रिया लिहायला खऱ्या ओळखीची सक्ती केली. वाईट प्रतिक्रियांत फरक पडला तो किरकोळ. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या सेवेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हा कायदाच रद्द केला. आणि कोरियापर्यंत जायला कशाला हवं? ताईंच्या पोस्टखाली लिहिणाऱ्यांतले कितीतरी जण खऱ्या नावानिशी, लग्नातल्या फेट्यासह हजर होते. त्यांना लाज वाटावी अशी माणसं त्या ठिकाणी त्यांना दिसतच नव्हती, तर नावाची भीती कुणाला वाटणार? उलट टोपणनावामागे कोण लपतं? साहेबांविषयी लिहिणारा कारकून, सासरी त्रास असलेली मुलगी. सक्तीचा पहिला फटका त्यांना.

आणि पोलीस. धमकी, पाठलाग, फोटोचा गैरवापर असेल तर पोलिसांत जायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण 'वाईट बोलणं' हाच गुन्हा केला की काय होतं ते आपल्या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने पोस्ट लिहिली, दुसरीने ती लाइक केली, आणि पालघरमध्ये दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६ अ कलमाचा तिथे वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. झुंडीने खवळायचं आणि कायद्याने तिच्या बाजूने उभं राहायचं, असा तो प्रकार होता. ट्रोलांविरुद्ध म्हणून केलेला कायदा ट्रोलांच्याच हाती लागायला वेळ लागत नाही.

आता मांडणीकडे येऊ. फेसबुकने २०१७ मध्ये ठरवलं की इमोजीची प्रतिक्रिया साध्या लाइकच्या पाचपट मोलाची धरायची. त्यात रागाचा लाल चेहराही आला. ज्या पोस्टवर माणसं संतापतात ती जास्त लोकांना दाखवायची, असा याचा साधा अर्थ. कंपनीतल्याच लोकांनी धोका दाखवला होता, आणि रागाचं वजन टप्प्याटप्प्याने उतरवत सप्टेंबर २०२० मध्ये शून्यावर आणलं गेलं. हे जगाला कळलं ते २०२१ मध्ये, कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आल्यावर. म्हणजे तीन वर्षं रागाला कमीजास्त भाव होता आणि मग कुणीतरी तो आकडा शून्य केला. समाज कसा बिघडला, तरुण पिढी कशी वाया गेली यावर आपण परिसंवाद घेत होतो, तेव्हा तो आकडा शून्य नव्हता.

आकडा बदलल्याने फरक पडतो याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातल्या एका भीषण घटनेशी जोडलेला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. देशभर अशा घटनांची रांगच लागली होती आणि मागे होत्या मोबाइलवरच्या अफवा. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये, अनेक हात फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे संदेश सत्तर टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. कुणाचं तोंड बांधलं नाही, कुणाचा निरोप वाचला नाही. अंगठ्याला थोडे कष्ट दिले. माझे एक मावसकाका रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि देशाची चिंता शंभर जणांना पाठवत. आता फक्त जवळच्यांना पाठवतात. त्या जवळच्यांत मी आहे.

ट्विटरने तर नुसतं थांबवून पाहिलं. उत्तरात अपशब्द दिसले की पाठवण्याआधी एक चौकट येई, पुन्हा एकदा बघता का? २०२१ च्या मे महिन्यात कंपनीने आकडे सांगितले: चौकट पाहिलेल्यांपैकी ३४ टक्के लोकांनी उत्तर बदललं किंवा पाठवलंच नाही. ऐरोलीच्या अलीकडे मला कुणी तसं विचारलं असतं तर बहुधा मीही त्या ३४ टक्क्यांत असतो.

मला सर्वांत चतुर वाटते ती मांडणी मात्र महापे आणि ऐरोलीच्या आयटी पार्कांतली पोरं वर्षानुवर्षं वापरत आलेली आहेत. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांचं प्रश्नोत्तरांचं ठिकाण. तिथे आल्याआल्या सगळे हक्क मिळत नाहीत. लोकांना उपयोगी पडून गुण कमवावे लागतात. पंधरा गुण झाले की कुणाला चांगलं म्हणता येतं, इतरांच्या मजकुरावर टिप्पणी करायला पन्नास लागतात, आणि कुणाला वाईट ठरवायला एकशे पंचवीस. त्यावर कडी म्हणजे, दुसऱ्याच्या उत्तराला नापसंतीचं मत दिलं की तुमच्या खात्यातून एक गुण वजा होतो. निंदा करा, पण पदरमोड करून! आपल्याकडच्या किती चर्चा या एका नियमाने मिटतील याची कल्पना करून मी एक अख्खी दुपार घालवली आहे. अर्थात या मांडणीलाही खोड लागली. जुने जाणते नवख्यांच्या भाबड्या प्रश्नांवर तुटून पडतात अशी त्या ठिकाणाची ख्याती झाली. गुणांची शिडी चढलेला माणूस वर जाऊन काय करेल हे शिडीला ठरवता येत नाही.

आपल्याला तर मांडणीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आपलं शहरच आधी कागदावर आखलेलं. नवी मुंबईचा बराच भाग सखल, खाडीलगतचा. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला तर पाणी जाणार कुठे? म्हणून सिडकोने होल्डिंग पॉण्ड बांधले. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडपा आपोआप मिटतात, शहरातलं पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत जातं. भरतीला कुणी प्रवचन देत नाही, आणि रात्री दोन वाजता झडप ओढायला घरमालकाला उठावं लागत नाही.

समाजमाध्यमांवर नेमकं उलटं आहे. झडपा बनवलेल्या आहेत. इन्स्टाग्रामवर २०१९ पासून एखाद्याला मर्यादित करता येतं, मग त्याची कमेंट त्याची त्यालाच दिसते. २०२१ पासून, अचानक धाड आली तर अनोळखी आणि नव्याने आलेल्या लोकांच्या कमेंटी काही काळ दडवण्याची सोयही आहे. पण या झडपा ओढायच्या कुणी? ज्याच्या घरात पाणी शिरतंय त्याने. सेटिंगच्या चौथ्या कप्प्यात जाऊन, घाबरलेल्या हातांनी. ताईंना त्या कप्प्यांची नावंही ठाऊक नव्हती. वीस लाइकच्या खात्यावर एका रात्रीत शेकडो अनोळखी माणसं आली, हे यंत्राला दिसत नव्हतं असं कुणी म्हणू नये. कोणत्या चपलांची जाहिरात मला केव्हा दाखवायची हे ज्याला कळतं त्याला हेही कळतं. झडप आपोआप मिटायला हवी होती. अनोळखींच्या कमेंटी आधी तळ्यात थांबाव्यात, ताईंनी सवडीने बघाव्यात, हव्या त्या सोडाव्यात. नको असेल त्याने ती सोय बंद करावी. मूळ सेटिंग कुणाच्या बाजूचं, या एका प्रश्नात सगळं आलं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी तर याला दुसरा पर्याय मला दिसत नाही. शब्दांवर नजर ठेवणारी यंत्रं आधी इंग्रजीसाठी घडतात. ट्विटरची ती चौकटही आधी इंग्रजी शब्दांनाच ओळखत होती. आणि आपला खवचटपणा शिव्यांवर अवलंबून आहे कुठे? 'थोर आहात' हे तीन पिढ्यांना पुरेल एवढं विष आहे आणि त्यात आक्षेपार्ह अक्षर एकही नाही. 'स्वयंपाक झाला का' हा प्रश्न माझी बहीणही मला फोनवर विचारते. शब्द तोच, ताईंना तो शंभर अनोळखी पुरुषांनी विचारला. हा फरक शब्दकोशाला कळणार नाही, पण कोण, किती जण, कधी आणि कुठून आले हे मोजणाऱ्या मांडणीला कळू शकतो.

यावर आक्षेप आहेत, आणि त्यातले दोन मला गंभीर वाटतात. पहिला जिन्यातलाच. टाइल्स लावल्या की माणूस थुंकायचा थांबतो का? तो खाली उतरून रस्त्यावर थुंकतो. खरं आहे, काही जण तेच करतात. पण २०१५ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने द्वेषाने भरलेले काही गट बंद केले, तेव्हा त्यातल्या लोकांचं पुढे काय झालं हे संशोधकांनी नंतर तपासलं. बरेच जण निघून गेले. जे राहिले त्यांच्या लिखाणातली द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी कमी झाली. इतर गटांत जाऊनही त्यांनी ती घाण तिथे नेली नाही. जे निघून गेले ते कुठेतरी थुंकत असतील. पण ज्याला जिना चढायचाच आहे त्याच्यासाठी जिना स्वच्छ असणं ही काही छोटी गोष्ट नव्हे.

दुसरा आक्षेप जड आहे. झडप ज्याच्या हातात तो ती कुणावरही मिटू शकतो. ट्रोलची कमेंट गुपचूप अदृश्य करता येते, तशी ताईंची फ्लेमिंगोंची पोस्टही करता येईल, आणि ताईंना वाटत राहील की लोकांना पक्ष्यांचं काही पडलेलं नाही. म्हणून एका व्यक्तीने दुसऱ्याला आपल्या अंगणापुरतं मर्यादित करणं वेगळं आणि कंपनीने किंवा कंपनीच्या कानात बोलणाऱ्या सरकारने करणं वेगळं. मांडणीचे नियम उघड हवेत, आणि अदृश्य केलं तर ज्याला केलं त्याला सांगायला हवं. २०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावला. तक्रारीची पोच चोवीस तासांत आणि निकाल पंधरा दिवसांत, अशी तेव्हाची मुदत होती. चांगलंच आहे. फक्त ताईंची धाड तीन दिवसांत येऊन गेली होती. आणि होल्डिंग पॉण्डमधला गाळ वेळेवर काढला नाही तर काय होतं, हे पावसाळ्यात रस्त्यावर उभं राहून नवी मुंबईकरांनी पाहिलेलं आहेच. कंपन्यांना मराठी कळणारी माणसं नेमून हा गाळ उपसावाच लागेल, नुसती झडप पुरणार नाही.

निंदकाचे घर असावे शेजारी, असं आपल्याकडे म्हणतात. या म्हणीतला वजनदार शब्द 'शेजारी' आहे असं मला अलीकडे वाटू लागलंय. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सात सात घरं एकेका चौकाभोवती बसवली. सात घरांच्या चौकात निंदा होते, भांडणंही होतात, पण उद्या सकाळी पाणी भरताना तोच चेहरा समोर येणार असतो. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये आता १०२४ माणसं बसतात. त्याला चौक म्हणायचं की स्टेशन?

ताई दिवाळीनंतर परत आल्या. नातीने त्यांना नवं खातं काढून दिलं आणि पोस्टवर कमेंट कुणी करायची ते आधीच ठरवून दिलं. ओळखीच्यांनीच. डिसेंबरात त्यांनी पुन्हा पाणथळीचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी सी विंगमधले एक गृहस्थ त्यांना लिफ्टसमोर भेटले. ते बांधकाम व्यवसायात आहेत. पक्ष्यांपायी घरांचे भाव आणि लोकांचे रोजगार अडतात असं त्यांचं ठाम मत, आणि ते त्यांनी पाऊण तास मांडलं. दोनदा लिफ्ट येऊन रिकामी गेली. ताईंना त्यांचं म्हणणं पटलेलं नाही. त्यांनाही ताईंचं नाही. रविवारी सकाळी सहा वाजता ते दुर्बीण मागायला आले होते, असं वॉचमनने मला सांगितलं.